अळणी पाया

अंबरपेठ, हैदराबाद
बुधवार, दुपार

प्रिय रेणू,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून छातीत धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळं ठीक आहे. तुझी आई आत पडली आहे आणि मी खिडकीशी खुर्ची ओढून लिहायला बसलोय. अंबरपेठेतून दिलसुखनगरला पत्र टाकणारा या शहरात मी एकटाच असेन. मूसीचा पूल ओलांडला की तुझं घर, आणि फोन तर उशाशीच असतो. पण फोनवर काढलेली गोष्ट 'आप्पा, क्लास आहे, नंतर बोलते' इथं येऊन थांबते. तुला दोष देत नाही. कोचिंगची पोरं परीक्षेच्या तोंडावर असली की तुझी काय धावपळ होते ते मला दिसतं. आबिड्सच्या मोठ्या पोस्टात माझा उभा जन्म लोकांच्या पत्रांचं सॉर्टिंग करण्यात गेला, पण स्वतः पत्र लिहायची वेळ क्वचितच आली. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलंय. सावकाश वाच, पण एका बैठकीत संपव.

पहिली बातमी अशी की तुझा बाप स्वयंपाकाला लागलाय. हसू नकोस. ज्याला चहाचं आधण किती ठेवायचं ते कळत नव्हतं, तो आज बोकडाचा पाया असा रांधतो की शेजारच्या सत्यवतीअम्मा वाटी घेऊन दारात येतात. कुणी शिकवलं म्हणशील तर तुझ्या आईनंच, आणि तेही पडल्या पडल्या. पण ते नीट कळायला थोडं मागं जायला हवं.

पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता ते तू पाहिलंसच. दवाखान्यातून घरी सोडलं, प्लेटलेट वाढल्या, रिपोर्ट चांगले आले, पण न्हाणीघरापर्यंत जायचं तर भिंत धरावी लागे. तेव्हा तुझ्या आईनं मला हातात घेतलं. तिचा एक क्रम ठरलेला आहे. अंगात ताप आहे तोवर मटणाला हात नाही. ताप गेला की आधी नुसतं पाणी, मग रस, मग तुकडा. पहिले काही दिवस गावरान कोंबडीचं अळणी, म्हणजे हळद, लसूण, आल्याचा तुकडा आणि नावापुरतं मीठ. ते पोटात ठरलं की पाया. पाये विस्तवावर भाजून, खरवडून, ज्वारीच्या पिठानं चोळून धुवायचे आणि सकाळपासून मंद आचेवर ठेवायचे. दुपारी तो रस बोटाला चिकटला तरच उतरवायचा. मग तव्यावर भाजलेली कलेजी, वर मिरपूड. शेवटी नळ्या. मी लहान पोरासारखा नळी ताटावर आपटून आतला मगज काढत बसे आणि ती समोर बसून बघत राही. महिन्याभरात मी पिशवी घेऊन बाजारात जायला लागलो.

यातली गंमत तुला ठाऊक आहे. तिनं स्वतः त्यातला थेंबही जिभेला लावला नाही. गळ्यात माळ. चव बघायला मी, नाहीतर सत्यवतीअम्मा. ती फक्त पातेल्यावर वाकून वास घेई आणि मिठाचं, मिऱ्याचं बरोबर सांगे. तिच्या माहेरी तिला 'नळीवाली' म्हणत, हे तुला कधी कुणी सांगितलं का? भावांशी मारामारी करून नळी पळवणारी पोर होती ती. लग्नानंतर पहिल्या आखाडात तिचा बाप डब्यात पाया घेऊन उदगीरहून मोटारीनं इथवर आला होता. सगळा रस्सा कापडात झिरपला होता, आणि तरी ती तो पुसून पुसून खात होती.

मग हिवाळ्यात ती पडली. न्यूमोनिया. ते दिवस तू माझ्याइतकेच पाहिलेस. दवाखाना तू बघितलास, डॉक्टरांशी तू बोललीस, रात्रीची आया तू लावलीस. जावई असून विक्रमराव ऑफिसातून परस्पर यायचे. तुम्ही दोघं नसता तर मी काय केलं असतं ते मला विचारू नकोस. पण एक गोष्ट मला दिसत होती. तू आलीस की औषधं बघायचीस, चादर बदलायचीस, कपाळावर हात ठेवायचीस आणि मग दाराजवळच्या खुर्चीत बसायचीस. पलंगावर, तिच्याजवळ नाही. पावडरचे डबे आणायचीस, फळं आणायचीस, पण तिच्या तोंडात घास तू कधी दिला नाहीस. चमचा माझ्या हातात द्यायचीस आणि खिडकीबाहेर बघायचीस.

त्याचं मूळ मला माहीत आहे. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवात केळीचे खुंट बांधत असताना, तू मला म्हणाली होतीस, "आप्पा, आजारात माझं ताट वेगळं ठेवा असं सगळे सांगत होते. तेव्हा आईनं ते केलं नाही. मी बरी झाले आणि मग केलं. तेव्हापासून मी तिला नकोशी आहे." मी तेव्हा तुला दटावलं, कारण तिनं तसं का केलं ते मलाही ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या छातीत पाणी झालं होतं, टीबी म्हणाले होते. पाहुणे लांबून विचारपूस करायचे. वाड्यातल्या बायका पोरीची भांडी वेगळी ठेवा म्हणायच्या. आणि तुझी आई मुद्दाम दारात बसून, सगळ्यांना दिसेल असं तुझ्याच ताटात जेवायची. एक घास तुला, एक घास तिला. आणि तू उठून हिंडायला लागलीस त्याच दिवसांत तिनं आपलं ताट भिंतीकडं नेलं, माळ घातली आणि आपली भांडी निराळी केली. तुला जे वाटलं ते कुठल्याही पोरीला वाटलं असतं.

असो. आई घरी आली पण खाईना. दूध तिला कधी पचलंच नाही. डाळ दोन चमचे. पनीर तोंडात घोळवायची आणि पदराला पुसायची. तुझ्या डब्यांतली पावडर पाण्यात कालवली की वासानंच तिला उमासे यायचे. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत, आता अंगात ताकद यायला हवी. अंडी द्या, सूप द्या, नाहीतर जे आवडेल ते द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या. त्या दिवशी मी पिशवी उचलली आणि खलीलभाईंच्या मटणाच्या दुकानात गेलो. "क्या साब, आज अकेले?" म्हणाले. भाभींसाठी आहे म्हटल्यावर त्यांनी टांगलेला माल बाजूला सारला. "भाभी के वास्ते तो अगले पाये लेको जाव. मैं भूंजके, साफ करके देतूं. आप बस आंच धीमी रखो, जल्दी नक्को करो."

मी जल्दी केली. कुकर लावला, आच मोठी ठेवली आणि पेपर वाचत बसलो. घरभर करपट धूर झाला. सत्यवतीअम्मा नाकाला पदर लावून धावत आल्या आणि अन्नय्या, घर जाळता की काय, असं तेलुगूत ओरडल्या. ते पाये कुत्र्यांनीसुद्धा हुंगून सोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या खेपेला जाड बुडाचं पातेलं घेतलं, गॅस बारीक केला आणि स्टूल टाकून समोरच बसलो. तासाभरानं आतून आवाज आला, "आच मोठी आहे. वास सांगायलाय." मी बारीक केली. थोड्या वेळानं पुन्हा, "धने कच्चे राहिले. अन् मिरं कोण टाकणार, शेजारीण?" रेणू, दवाखान्यातून आल्यापासून ती एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. मी मुद्दाम चुका करायला लागलो. लसूण आधी टाकला, मग नंतर टाकला, झाकण उघडं ठेवलं. प्रत्येक चुकीला आतून एक शिवी. चार दिवसांत मी रांधायला शिकलो आणि ती उशीला टेकून बसायला लागली.

पण प्यायली नाही. पहिल्या दिवशी वाटी नेली तर म्हणाली, "हे कुणासाठी शिजवायलाव?" तुझ्यासाठी म्हटलं. "माझ्या गळ्यात काय आहे, दिसत नाही?" वाटी परत. तो रस्सा मी प्यायलो, उरलेला सत्यवतीअम्मांकडं गेला. मी धष्टपुष्ट व्हायला लागलो आणि ती वाळतच चालली.

गेल्या आठवड्यात मी तुला हे फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "आप्पा, डाळीत मिसळा ना. गाळून घेतलं की नुसतं पाणी दिसतं. तिला कळणार नाही." तू काळजीनं म्हणालीस हे मला कळतं. आणि मी ते करायला निघालो. रस्सा फडक्यातून गाळला, डाव भरला आणि डाळीच्या पातेल्यावर धरून उभा राहिलो. तिच्या नाकाला ते कळलं असतंच, ते सोड. पण समज कळलं नसतं तरी माझा हात खाली जाईना. आजारी माणसाच्या ताटात त्याला न विचारता काही घालायचं म्हणजे ते माणूस गेल्यात जमा धरायचं. ती अजून या घराची मालकीण आहे. खाईल तर कळून खाईल, नाही म्हणेल तर कळून नाही म्हणेल. मी डाव मागं घेतला, रस्सा वाटीत ओतला आणि तिच्यापुढं नेला.

तिला सरळ सांगितलं. म्हटलं, रेणू म्हणाली डाळीत मिसळा, मी मिसळलं नाही. हे तुझ्यासमोर ठेवतोय. नको तर नको म्हण. पण का नको, ते आज सांग. माळकरी बायका आजारपणात औषध म्हणून घेतात, बरं झाल्यावर पुन्हा माळ घालतात. तुझंच काय एवढं? तिनं वाटी दोन्ही हातांत घेतली. वाफेवर तोंड धरून डोळे मिटून बसली. मला वाटलं, प्यायलीच. नरडं हललेलं मी बघितलं. मग तिनं वाटी उशाशी ठेवली आणि म्हणाली, "माळेचं काही नाही हो. माळ मागून घातली. लोकांनी कारण विचारू नये म्हणून."

मग तिनं जे सांगितलं ते मी या घरात राहूनही कधी ऐकलं नव्हतं. तुझ्या त्या आजारात गोळ्या लागू पडत होत्या, पण तुझ्या पोटात अन्न ठरत नव्हतं. छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की पोरगी खाईना तर नुसती औषधं तरी किती ओढणार. मी ड्यूटीवर होतो. अंगणातल्या शेगडीवर तिनं पाया केला, तुझ्यापुढं धरला, आणि तू ओकलीस. पुन्हा धरला, पुन्हा ओकलीस. तुला झोपवून ती शेगडीपुढं येऊन बसली. भूक लागलेली, समोर पातेलं भरलेलं, आणि आपल्याला याची वासना होते याचीच तिला चीड आली. तिथं बसून ती म्हणाली, कुठल्या देवाला ते तिला आता आठवतही नाही, "माझ्या तोंडचं माझ्या पोरीच्या तोंडी जाऊ दे. मी पुन्हा शिवणार नाही." दुसऱ्या दिवशी तू अर्धी वाटी प्यायलीस आणि नळी मागितलीस. ती आत जाऊन रडली. मी समजलो, धुरानं.

तुझ्या ताटात पुढं कितीतरी महिने रोज तेच असायचं. पाया, कलेजी, अंडी. मग ती त्या ताटात जेवणार कशी? तू ताट घेऊन तिच्याजवळ येऊन उभी राहायचीस आणि ती म्हणायची, तू जेव, मी मागून बसते. एकदा तू ताट तसंच ठेवून अंगणात निघून गेलीस. त्या ताटात काय काय राहिलं होतं तेसुद्धा तिनं मला सांगितलं. तुला काय वाटत होतं ते तिला कळत होतं, रेणू. तेव्हाही आणि नंतरही. मी तिला म्हटलं, मग पोरीला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "काय सांगू? तुझ्यासाठी मी उपाशी आहे असं? पोर घास मोजत जेवली असती जन्मभर."

मी तिच्याशी वाद घातला नाही. तू बरी झालीस ती गोळ्यांनी. त्या मीच आणत होतो, एकही चुकू दिली नाही. तू फिजिक्स शिकवतेस, तुझ्या पुस्तकात नवसाला जागा नसेल. माझ्याही हिशेबात नाही. पण ज्या बाईनं जिभेवरची एवढी आवडती चव शेगडीपुढं बसून सोडली आणि नंतर दर आजारपणात तीच चव दुसऱ्यांसाठी स्वतःच्या हातानं रांधली, तिला मी काय शहाणपण शिकवू? मी एवढंच विचारलं, हे सुटतं कसं? ती म्हणाली, गावाकडं रीत आहे, ज्याच्यासाठी सोडलं त्यानं आपल्या हातानं भरवलं तर सुटतं. आणि लगेच माझं मनगट धरलं. "पण तिला सांगायचं नाही. मी मागणार नाही. मागून मिळालं तर तो घास नव्हे, परतफेड झाली." मी हो म्हटलं नाही. तिला वाटलं, म्हटलं.

तर रेणू, आता कामाचं. तिनं मागायचं नाही म्हणाली, म्हणून मी मागतोय. येत्या रविवारी तुला क्लास नसतो. सकाळीच खलीलभाईंकडं जाऊन येतो, दुपारपर्यंत रस्सा तयार ठेवतो. तू ये. विक्रमरावांनाही आण. डबे नकोत, फळं नकोत. दाराजवळची खुर्ची मी उचलून गच्चीत ठेवणार आहे, त्यामुळं तुला पलंगावरच बसावं लागेल. वाटी मी तुझ्या हातात देईन. नवस वगैरे तुला पटत नसेल तर पटवून घेऊ नकोस. तुझ्या आईला भूक लागली आहे, एवढंच लक्षात ठेव. तिनं नको म्हटलं तर जबरदस्ती करायची नाही. ती वाटी तूच पी, पण तिथंच, तिच्या अंगाला अंग लावून बसून. मला मात्र खात्री आहे ती नको म्हणणार नाही. तिचं नरडं हललेलं मी बघितलंय. मी तुला सगळं लिहून कळवलं हे समजल्यावर ती माझ्यावर भडकेल, भांडी आपटेल, सत्यवतीअम्मांच्या घरापर्यंत आवाज जाईल. जाऊ दे. तेवढी ताकद तिच्या अंगात यावी, म्हणूनच तर हे पत्र लिहिलं.

तुझाच,
आप्पा